रानातली शाळा, नाशिक: पालक आणि शिक्षक आम्हाला पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

जूनमध्ये शाळा उघडल्या की आमचे फोन वाजायला लागतात, आणि दर वर्षी प्रश्न जवळपास तेच असतात. म्हणून ते एकदाचे इथं लिहून काढलेत. आधी साधे प्रश्न आहेत, पुढे अडचणीचे. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तर तिथला क्रमांक दिलाय.

१. रानातली शाळा म्हणजे नक्की काय? सहलीत आणि यात फरक काय?

सहलीला मुलं नवी जागा बघून येतात. इथं जागा एकच असते, आणि मुलं वर्षभर तिथंच जातात. साधारण पंधरा दिवसांतून एकदा, सकाळचे तीन तास. वीस-पंचवीस मुलं, त्यांचे शिक्षक, आमच्यातले एकदोघं आणि जमलं तर त्या गावातलं एखादं जाणतं माणूस. फळा नाही, माईक नाही, माहिती सांगत पुढे चालणारा गाईडही नाही. जुलैत ज्या ओढ्यात खेकडे शोधले तो फेब्रुवारीत कोरडा का पडला, हा प्रश्न एका फेरीत कुणाला पडत नाही. तो सातव्या-आठव्या वेळी पडतो, आणि कुणी न विचारता मुलंच विचारतात. वर्षातून एकदाच न्यायचं असेल तर बसभर मुलं घेऊन खुशाल सहल काढा, मजा येईल. त्यासाठी आमची गरज नाही.

२. कोणत्या वयाची मुलं येऊ शकतात?

पहिलीपासून. बालवाडीची मुलंही येतात, पण त्यांना लांब नेत नाही; शाळेजवळचं एखादं मोठं झाड आणि त्याखालची माती त्यांना पुरते. तिसरी ते सातवी हे वय सगळ्यात रमतं. आठवी-नववीची मुलं पहिल्या दोन वेळा ‘बोअर’ म्हणतात. त्यांना मोजमापाचं काम दिलं की बरं पडतं (प्रश्न ४).

३. तीन तास मुलं तिथं करतात तरी काय?

पहिली दहा मिनिटं प्रत्येकानं आपापल्या ठरलेल्या जागी एकटं, गप्प बसायचं. ही जागा वर्षभर बदलत नाही. सुरुवातीला हे सगळ्यात अवघड जातं, मुलांना आणि त्याहून जास्त शिक्षकांना. मग दोन-तीन कामं सुचवतो: ओल्या मातीतले ठसे ओळखणं, ताडपत्री आणि दोरीनं आडोसा उभारणं, बुंध्याच्या सालीवर कागद ठेवून खडूनं ठसा घेणं, ओढ्यातले दगड उलटून बघणं आणि जसेच्या तसे परत ठेवणं. ‘परत ठेवणं’ हे त्यातलं निम्मं काम आहे, कारण दगडाखाली कुणीतरी राहत असतं. उरलेला वेळ मुलांचा.

हा मोकळा वेळ पालकांना वाया गेल्यासारखा वाटतो. एक प्रसंग सांगतो. उंबराखाली सहावीतल्या तिघी बसल्या होत्या. एकीनं पिकलेलं उंबर फोडलं, आतून बारीक चिलटांसारखे कीटक उडाले आणि तिनं ‘ई’ करून ते फेकून दिलं. दुसरीनं ते उचललं, भिंगाखाली धरलं. म्हणाली, ‘अगं, यांना पंख आहेत, पण आत यायला दार कुठंय?’ मग तिघींनी एकामागून एक उंबरं फोडली, शेवटी टोकाचं बारीक भोक सापडलं. तिथून मादी आत शिरते, शिरताना तिचे पंख तुटतात, आतल्या बारीक फुलांवर परागकण पडतात आणि त्यातल्याच काही फुलांत ती अंडी घालते, हे आम्ही नंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्या तिघींनी वहीत लिहून घेतलं असतं आणि उंबराला हातही लावला नसता.

४. अभ्यास बुडत नाही का? परीक्षेत याचा काय उपयोग?

तिसरी ते पाचवीला ‘परिसर अभ्यास’ हा विषयच आहे, आणि परिसर वर्गाच्या बाहेरच असतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. आपल्याकडे शनिवारी पुस्तकाबाहेरचे उपक्रम घेण्याचा ‘आनंददायी शनिवार’ही आहे. मुख्याध्यापकांना तासिका दाखवायच्या असतील तर एवढा आधार पुरे.

गणिताचं म्हणाल तर एक उदाहरण देतो. एक मीटरची काठी उन्हात उभी करायची, तिची सावली मोजायची. समजा ८० सेंटिमीटर आली. त्याच वेळी सपाट जागेवरच्या सागाची सावली ९.६ मीटर भरली, तर साग १२ मीटर उंच. प्रमाणाचं हे गणित पुस्तकात वाचून विसरलेली मुलं शाळेच्या पाण्याच्या टाकीची उंची स्वतःहून काढताना आम्ही पाहिलीत. बुंध्याचा घेर मोजायचा तो जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीला. वनखातंही तिथंच मोजतं. दर वर्षी तेच झाड मोजलं की आलेख आपोआप तयार होतो.

गुण वाढतील का, याचं आश्वासन आम्ही देत नाही. कुणी देत असेल तर जरा जपून.

५. हे परदेशातलं फॅड आहे ना?

निम्मं खरं आहे. डेन्मार्कमध्ये १९५० च्या दशकात एला फ्लाटाउ या बाई मुलांना रोज जंगलात नेत, त्यातून तिथल्या वन-बालवाड्या सुरू झाल्या. स्वीडनमध्ये १९५७ पासून असाच उपक्रम चालतो. १९९३ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिजवॉटर कॉलेजची मंडळी डेन्मार्कला जाऊन हे बघून आली आणि ‘फॉरेस्ट स्कूल’ हे नाव जगभर झालं.

पण शांतिनिकेतनात १९०१ पासून झाडाखाली वर्ग भरतात. वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची मांडणी झाली ती हातानं काम करत शिकण्याचीच. आणि आपल्या शेजारी, डहाणूजवळच्या कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालवली. मुलं शाळेत येऊ शकत नाहीत, तर शाळा कुरणात. आमच्या मते नाशिकला डेन्मार्कपेक्षा कोसबाड जवळचं आहे, अंतरानंही आणि प्रश्नांच्या बाबतीतही. डेन्मार्कची मुलं थंडीत बाहेर कशी टिकवायची या चिंतेत ते. आपल्याला एप्रिलचं ऊन सांभाळायचं असतं.

६. नाशिकमध्ये नेमकं कुठं जायचं?

नियमित वर्गासाठी जागा शाळेपासून अर्ध्या तासाच्या आत हवी, हा आमचा पहिला आग्रह. जागा किती ‘भारी’ आहे हे नंतर. पाथर्डी फाट्याजवळ पांडवलेण्याच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान लहान मुलांना सोयीचं आहे. सातपूरच्या बाजूला फाशीच्या डोंगरावर लोकांनी देशी झाडं लावून देवराई वाढवली आहे. लावलेलं जंगल आणि आपोआप आलेलं जंगल यातला फरक दाखवायला ती फार चांगली. म्हसरूळ-पेठ रोडच्या शाळांना बोरगड जवळ पडतो. २००८ मध्ये ते संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं. त्याच बाजूला आशेवाडीतून रामशेज किल्ल्याची चढण मोठ्या मुलांना जमते.

वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी लांब जायचं असेल तर नांदूर मध्यमेश्वर, अंजनेरी आणि ममदापूर. नांदूर मध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ पाणी झालंय. पक्ष्यांना ते उथळपणच हवं असतं. २०२० मध्ये ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं, राज्यातलं पहिलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत चक्रवाक, थापट्या, शेकाट्या हमखास. रोहित पक्षी दिसले तर नशीब. उलट ममदापूर. येवल्याकडचं ते कोरडं गवताळ रान, तिथं काळवीट. दोन्ही जागा एकाच जिल्ह्यात, आणि एका वर्षात दोन्ही बघितलेल्या मुलाला ‘जंगल म्हणजे घनदाट झाडी’ हे पुन्हा कुणी पटवू शकत नाही.

अंजनेरीबद्दल थोडं सावधपणे. तिथलं एक कंदीलफूल, शास्त्रीय नाव सेरोपेजिया अंजनेरिका, मूळचं त्याच डोंगरावरचं. कड्यांवर गिधाडं आहेत. २०१७ पासून तेही संवर्धन राखीव क्षेत्र आहे. पावसाळी शनिवार-रविवारी मात्र तिथं जत्रा असते. मुलांना न्यायचं तर मधल्या वारी, आणि लहानांना पायथ्याशीच थांबवा.

गंगापूर धरणाच्या फुगवट्याकाठी वर्ग घ्या असं बरेच जण सुचवतात. पक्षी बघायला ठीक. पण पाण्यात पाय घालायचा नाही म्हटल्यावर तिथं मुलांना धरून ठेवण्यातच सकाळ जाते.

७. कोणत्या महिन्यात काय बघायला मिळतं?

जून-जुलै: खेकडे, बेडूक, पहिली रोपं, विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीची घरटी. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच पुढचं काम. नापसंत अर्धवट घरटी मुलांनी मोजावीत. ऑगस्ट-सप्टेंबर: तेरडा, सोनकी, गवताचे नाना प्रकार. ऑक्टोबर ते जानेवारी: ठसे, कोळ्यांची जाळी, पाहुणे पक्षी. फेब्रुवारी-मार्च: पळस, काटेसावर, पांगारा, म्हणजे पानं गळून गेलेली आणि झाडं फुलांनी भरलेली, फुलांवर कोण कोण येतं ते लिहायला याहून चांगला काळ नाही. मार्चअखेर मोहाची फुलं पहाटे गळतात, ती बघायला लवकर निघावं लागतं. एप्रिलमध्ये आम्ही साडेनऊला आवरतं घेतो.

८. परवानगी कुणाची लागते?

जमीन कुणाची, त्यावर अवलंबून आहे. राखीव वन असेल तर त्या भागाच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना शाळेच्या लेटरहेडवर अर्ज: तारखा, मुलांची संख्या, सोबतचे शिक्षक, काय करणार आणि काय करणार नाही. नाशिकला पूर्व आणि पश्चिम असे वनविभाग वेगळे आहेत, वन्यजीव विभाग आणखी वेगळा. अर्ज चुकीच्या टेबलावर गेला की महिना जातो, म्हणून आधी त्या बीटच्या, म्हणजे तेवढ्या भागाच्या, वनरक्षकाला भेटा. गायरान असेल तर ग्रामपंचायत. खासगी मळा असेल तर मालकाचं पत्र, आणि बागेत फवारणीचे दिवस कोणते ते विचारून ठेवा. द्राक्षाच्या हंगामात ही चौकशी टाळू नका. फवारणी चालू असलेल्या बागेच्या बांधावर मुलं बसवायची नाहीत.

वेगळं म्हणजे शाळेची स्वतःची कागदपत्रं: पालकांची संमतिपत्रं आणि सहलीसाठी शिक्षण विभागाची जी परवानगी लागते ती. हा भाग मुख्याध्यापकांनी सांभाळायचा.

९. बिबट्याचं काय? रोज पेपरात बातमी असते.

हा प्रश्न आता सगळ्यांत जास्त येतो, आणि तो रास्त आहे. निफाड, दिंडोरी, सिन्नर पट्ट्यात उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. शहराच्या हद्दीतही बिबटे येतात. ‘काही होत नाही हो’ असं आम्ही म्हणणार नाही.

आम्ही काय करतो ते सांगतो. वर्ग उन्हं वर आल्यावर सुरू आणि दुपारच्या आत संपवतो, कारण बिबट्याचा वावर मुख्यतः संध्याकाळ ते पहाट असतो. उसाला किंवा दाट घाणेरीला लागून असलेली जागा घेत नाही. आदल्या दिवशी वनरक्षकाला फोन करून आठवड्यात कुठं वावर आहे का ते विचारतो. असेल तर वर्ग शाळेच्या आवारात. मुलं कायम मोठ्यांच्या मध्ये, एकटं कुणी झुडपाआड जात नाही (प्रश्न १४). पहिल्याच दिवशी शिकवतो: बिबट्या दिसला तर पळायचं नाही, खाली वाकायचं किंवा बसायचं नाही, सगळ्यांनी एकत्र उभं राहून हात वर करायचे, मोठ्यानं ओरडायचं आणि त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरायचं. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, हा नंबर मुलांना पाठ असतो.

आणि गावात बिबट्या पिंजऱ्यात पडला म्हणून मुलांना बघायला नेऊ नका. तिथली गर्दी जास्त धोक्याची असते.

१०. साप चावला तर?

आधी टाळायचं. पायात पूर्ण बूट, गवतात काठीचा आवाज करत चालायचं, दगड उचलताना आपल्या बाजूची कड वर करायची नाही. पलीकडची कड उचलायची, म्हणजे खाली कुणी असलंच तर ते आपल्यापासून लांब निघून जातं.

चावलाच तर: मुलाला बसवा, धीर द्या, अंगठी-कडं-पैंजण काढा, मोडलेल्या हाडाला बांधतात तशी पट्टी लावून तो हात किंवा पाय हलू देऊ नका, उचलून गाडीत घाला आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात न्या. वेळ लिहून ठेवा. कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे तर नाहीच. साप मारून किंवा पकडून न्यायची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर लस एकच आहे. रुग्णवाहिकेसाठी १०८. वर्गाच्या जागेजवळच्या कोणत्या रुग्णालयात ही लस आहे, हे आम्ही वर्ष सुरू होण्याआधी स्वतः जाऊन विचारतो.

११. तुम्हाला स्वतःला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?

आग्या मोहोळाची. साप सहसा स्वतःहून अंगावर येत नाही, मोहोळ उठलं की सगळ्यांना गाठतं. कडे, लेण्यांच्या कपारी, उंच सावर किंवा उंबर, सगळीकडे आधी मान वर करून बघायचं. अत्तर, सुगंधी तेल, डिओ लावून यायचं नाही. हा नियम शिक्षकांनाही आहे आणि शिक्षकच तो जास्त मोडतात. धूर नाही, दगड भिरकावणं नाही, आरडाओरडा नाही. मोहोळ उठलंच तर हात झटकत उभं राहायचं नाही. तोंड-मान झाकून गाडीपर्यंत किंवा बंद खोलीपर्यंत पळत सुटायचं. बिबट्याच्या अगदी उलट. पाण्यात उडी मारून उपयोग होत नाही, माश्या वर वाट बघतात. नांगी नखानं लगेच खरवडून काढायची. ओठ सुजले, श्वास लागला, चक्कर आली तर वाट बघायची नाही, थेट रुग्णालय.

१२. पाऊस असेल तर वर्ग रद्द होतो का?

नुसत्या पावसानं नाही. त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पावसाळ्यात कोरडा दिवस शोधत बसलो तर चार महिने घरातच जातील. विजा असतील, जोराचा वारा असेल किंवा ओढ्याला पूर असेल तर रद्द. ओढा ओलांडायचाच नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरी. डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप बघतो. गडगडाट ऐकू आला की पठार आणि एकटं झाड सोडून गाडीत.

१३. मुलांना काय घालून पाठवू? डब्यात काय देऊ?

जुने, पूर्ण बाह्यांचे, मळखाऊ कपडे. युनिफॉर्म नको, तो मळला म्हणून घरी ओरडा बसतो आणि पुढच्या वेळी मूल मातीत बसत नाही. टोपी, पाण्याची बाटली, एक जादा मोज्यांचा जोड. पावसाळ्यात रेनकोट, छत्री नको, दोन्ही हात मोकळे हवेत. डब्यात दशमी-चटणी, भाकरी, पोळीचा लाडू, काहीही. पुड्यांतलं नको, कारण अंजनेरी-ब्रह्मगिरीकडची माकडं पुडीचा आवाज ओळखतात आणि मग डबा त्यांचाच.

१४. शू-शीची सोय काय? मोठ्या मुलींची पाळी असेल तर?

निघताना शाळेत जाऊन यायचं. तिथं गेल्यावर ताडपत्रीचा आडोसा आम्ही आधीच बांधतो, ओढ्यापासून लांब. खुरपं आणि माती बाजूला. जाताना दोघं-दोघं, आणि एक बाई किंवा सर आवाजाच्या टप्प्यात. पाळी असेल तर यायला काहीच हरकत नाही. पॅड, कागदी पिशव्या आणि साबण बाईंच्या पिशवीत असतात, वापरलेलं सगळं परत आणतो. ‘देवाच्या डोंगरावर अशा वेळी जायचं नाही’ असं घरून सांगून पाठवलं असेल तर मुलीला सगळ्यांसमोर विचारत नाही. तिला त्या दिवशी पायथ्याशी मोजमापाचं काम देतो, दोन मैत्रिणींसोबत.

१५. मुलांच्या हातात चाकू देता? शेकोटी करता?

चौथीपासून आधी बटाट्याची सोलणी देतो. पडलेली ओली फांदी, बसून, कोपरं गुडघ्यांवर, शेजाऱ्यापासून दोन हात अंतर. सोलणी जमली की सुरी. कोयता फक्त मोठ्यांकडे. जिवंत झाडाची फांदी कुणीही तोडायची नाही.

राखीव वनात आग लावणं १९२७ च्या भारतीय वन कायद्यानं गुन्हा आहे, त्यामुळे तिथं शेकोटी नाही म्हणजे नाही. मळ्यात, मालकाच्या परवानगीनं, तीन दगडांच्या चुलीवर चहा करतो, तोही पावसाळ्यानंतरच्या थंडीत. होळीपासून पाऊस पडेपर्यंत काडेपेटी पिशवीतच नसते. वणवा लागायला एवढंसं निमित्त पुरतं.

१६. मुलांनी रानातलं काही तोंडात घातलं तर?

नियम एकच: मोठ्यांना दाखवल्याशिवाय काहीही तोंडात नाही. करवंदं, जांभळं, टेंभुर्णी ओळखून खातो. पण चंद्रज्योतीच्या म्हणजे मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोड लागतात आणि त्या खाऊन शाळकरी मुलांना उलट्या-जुलाब झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वरचेवर येतात. कुंपणाला ती सर्रास असते. धोत्रा, गुंजेच्या बिया, कण्हेर हेही विषारी. खाल्लं असा संशय आला तर घरगुती उपायानं ओकारी काढू नका; उरलेली बी सोबत घेऊन रुग्णालयात जा.

रानभाज्या हा वेगळा विषय. टाकळा, कुरडू, करटोली, शेवळं या भाज्या गावातल्या बाईंकडून ओळखाव्यात आणि त्यांच्याच चुलीवर खाव्यात. शेवळं काकडाच्या फळांबरोबर नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, आणि हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं.

खाण्याइतकंच हात लावण्याबद्दल: बिब्ब्याच्या चिकानं फोड येतात. खाजकुयलीच्या शेंगांची लव लागली तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा आणि मग धुवा.

१७. आठवण म्हणून घरी काय आणता येतं?

पडलेलं पान, बी, वाळकी शेंग. तेही एकेकच. आपोआप गळलेलं मोरपीस जवळ ठेवायला हरकत नाही. पक्ष्याचं घरटं किंवा अंडी मात्र नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अंडी-घरट्यांना धक्का लावणं शिकारीतच मोडतं. घरटं रिकामं दिसतंय, असं मुलं म्हणतात. तरीही नाही, कारण ते पुन्हा वापरात येणार का, हे आपण ठरवायचं नसतं.

१८. आमच्या मुलाला दमा आहे / तो चालू शकत नाही / तो कुणाशी बोलत नाही. घ्याल का?

हो. दम्याचा पंप मुलाच्या खिशात आणि एक शिक्षकांकडे. सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत फुलतं आणि गाजरगवतही जोरात असतं, तेव्हा आधी सांगा, आम्ही जागा बदलतो. व्हीलचेअर असेल तर वनोद्यानासारखी सपाट वाटांची जागा घेतो, आणि संपूर्ण वर्ग तिथंच नेतो. बाकीचे डोंगरावर आणि एक जण खाली, असं करत नाही. न बोलणाऱ्या मुलांबद्दल एवढंच सांगू शकतो की रानात बोलावं लागत नाही.

१९. आमची शाळा सिडकोत आहे. आसपास जंगलच नाही. मग?

महापालिकेच्या बागेतला कोपरा, सोसायटीमागचा मोकळा प्लॉट, शाळेच्या भिंतीवर उगवलेला पिंपळ. महिन्यातले दोन वर्ग तिथं, आणि दोन महिन्यांतून एकदा सिटीलिंकच्या शहरबसनं किंवा दुसऱ्या बसनं लांब. चौकट आखण्यासाठी दोरी घ्या, एक मीटर बाय एक मीटर. त्यात किती प्रकारची रोपं, किती प्रकारच्या मुंग्या, ते दर महिन्याला मोजा. प्लॉटवर बांधकाम सुरू झालं तर मोजणी थांबवू नका. मुलांना सगळ्यात जास्त प्रश्न तेव्हाच पडतात.

२०. आमची आश्रमशाळा सुरगाण्यात आहे. मुलं कोकणा, वारली, महादेव कोळी. तुम्ही त्यांना जंगल काय शिकवणार?

जंगल नाही शिकवणार. ते आमच्याहून जास्त त्यांना येतं, आणि शहरातून कुणी येऊन भिंग हातात देऊन उपकार करावेत अशी त्यांची गरज नाही. तिथं काम वेगळं असतं: मुलांच्या घरात जे माहीत आहे ते शाळेच्या वहीत यावं. कोणत्या झाडाचा डिंक, कोणत्या महिन्यात कोणता कंद, वाघबारशीला काय करतात, डोंगऱ्या देवाच्या वेळी कोणते नियम पाळतात. मुलं आज्या-आजोबांना विचारून आपल्या बोलीतली नावं लिहितात, मग पुस्तकातली नावं त्याशेजारी. काही गोष्टी बाहेरच्यांना सांगायच्या नसतात. त्या गावानं सांगितलं तर वहीतूनही वगळायच्या. शहरातली शाळा आणि आश्रमशाळा एकत्र येतात तेव्हा त्या दिवशी शिकवायचं काम आश्रमशाळेच्या मुलांकडे.

२१. खर्च किती येतो?

मुख्य खर्च गाडीचा, म्हणून जागा जवळची घ्या (प्रश्न ६). शाळेच्या सहलीसाठी एसटी भाड्यात सवलत देते. आगारात मुख्याध्यापकांचं पत्र लागतं. बाकी दोन ताडपत्र्या, दोरी, काही भिंगं, मोजपट्टी, प्रथमोपचाराची पेटी, एवढंच. महागड्या दुर्बिणी सुरुवातीला घेऊ नका.

२२. आम्हा शिक्षकांना झाडांची नावंच येत नाहीत. कसं निभावणार?

निभतं. ‘माहीत नाही, बघूया’ एवढं म्हणता आलं पाहिजे, आणि वर्गात शिक्षकांना हे म्हणायची सवय नसते, म्हणून पहिल्यांदा जड जातं. वर्षाला दहा झाडं नीट ओळखा: साग, ऐन, मोह, उंबर, पळस, बहावा, करंज, खैर, काटेसावर, धावडा. पानं, साल, फूल, फळ, त्यावर येणारे पक्षी, सगळं. शंभर नावं वरवर सांगणाऱ्यापेक्षा असे सर मुलांना जास्त आवडतात.

२३. फोटो पाठवाल ना?

थोडे. वर्ग चालू असताना मोबाईल पिशवीत. मुलांचे चेहरे बाहेर टाकत नाही. घरटं, बिबट्याचा ठसा किंवा अंजनेरीचं कंदीलफूल कुठं दिसलं ते ठिकाण कुठंही लिहीत नाही, गटातसुद्धा. पुढच्या रविवारी तिथं गर्दी झालेली असते.

२४. घरी आल्यावर अंगावर गोचीड सापडली. काय करू?

घाबरू नका, पण रॉकेल, तूप, जळती काडी असलं काही करू नका. चिमट्यानं कातडीला लागून धरा, सरळ वर ओढा, पिळू नका. जागा साबणानं धुवा. रानातून आल्यावर आंघोळ आणि काखा, कानामागे, कमरेच्या पट्ट्याखाली नजर, हे दर वेळी. कपडे वेगळे धुवा.

पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला, डोकं दुखलं किंवा अंगावर काळी खपली असलेला बारीक डाग दिसला, तर डॉक्टरांना ‘मूल गवतात बसलं होतं’ हे स्वतःहून सांगा. पावसाळ्यानंतर गवतातल्या बारीक किड्यांमुळे स्क्रब टायफस होऊ शकतो. तो वेळीच ओळखला तर साध्या गोळ्यांनी बरा होतो, पण सांगितलं नाही तर तपासणी आधी डेंग्यू-मलेरियाचीच होते. आणि आम्हालाही कळवा, म्हणजे त्या दिवशी शेजारी बसलेल्या मुलांच्या घरी आम्ही फोन करू.